बसून गवत कापायचं यंत्र

आमच्या घरात तेव्हा ‘पाय’ हा शब्द बंद होता. कोणी तशी दवंडी पिटली नव्हती, पण बंद म्हणजे बंद. दारात पाहुणा आला की इतर घरांत ‘पाय धुऊन घ्या’ म्हणतात. आमची जेठीआत्या तांब्या पुढे करून नुसतं ‘पाणी घ्या’ म्हणायची, आणि पाहुणा बिचारा ते उभ्या उभ्या पिऊन टाकायचा. कारण एवढंच की माझ्या बाबांचा डावा पाय उंबरगावच्या बाजूच्या एका कारखान्यात रोलरमध्ये सापडला होता. पाय वाचला, पण गुडघा वाकायचा बंद झाला आणि खालचं पाऊल सांगितलेलं ऐकेनासं झालं. तेव्हापासून बाबांनी खाट धरली. भिंतीचा आधार घेत घरातल्या घरात फिरत, मागच्या दारी जात, पण अंगणाच्या पुढे म्हणून नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, ‘कशात जीव लागत नाही बघ.’ लंगडताना लोकांनी बघू नये म्हणून हा माणूस घरात बसलाय हे आम्हाला तिघींनाही कळत होतं, आणि तिघीही मूग गिळून होतो. आई उडदाची डाळ, भात आणि वर भाजलेलं सुकट असं ताट खाटेवरच नेऊन द्यायची. ते खाली मान घालून जेवायचे आणि ताट खाटेखाली सारायचे.

तिघी म्हणजे आई, मी आणि जेठीआत्या. आत्या बाबांची थोरली बहीण. तिने नवऱ्याला सोडलं होतं की नवऱ्याने तिला, हे विचारायची छाती आमच्या अख्ख्या वेवजी गावात कोणाची नव्हती. ती गवताची मुकादम होती. आमच्याकडे दसरा झाला की माळरान पिवळं पडायला लागतं, पुरुषभर उंचीचं गवत वाऱ्यावर सळसळतं, आणि बायकांच्या टोळ्या विळे घेऊन त्यात शिरतात. कापायचं, पेंढ्या बांधायच्या, पेंढ्यांचे भारे करायचे, भारे वखारीत न्यायचे. वखारीत गवताचे गठ्ठे दाबणाऱ्या प्रेसचा धप्प धप्प आवाज दिवसभर पाड्यापर्यंत यायचा, आणि तिथून ट्रक भरून गवत मुंबईच्या तबेल्यांत जायचं. आत्या पुढे आणि टोळी मागे. तिचा आवाज एवढा, की सीमेपलीकडे गुजरातेतल्या बायकाही कामाला लागत असतील असं आई म्हणायची, अर्थात आत्या घरात नसताना. आत्याला गवतातलं सगळं कळत होतं. कोणतं म्हैस खाते, कोणतं नुसतं तोंडात धरून टाकून देते, कोणतं भिजलं तर काळं पडतं. म्हणूनच तिने जे केलं त्याने गाव महिनोन्महिने पोट धरून हसलं.

तिने भंगारवाल्याकडून, एक ट्रक गवताच्या बदल्यात, बसून गवत कापायचं यंत्र आणलं. तिकडे कुठेतरी बंगल्यांची मोठी स्कीम निघाली होती, तिथली हिरवळ कापायला ते परदेशातून मागवलेलं. स्कीम बुडाली, हिरवळ वाळली, आणि यंत्र भंगारात आलं. लाल रंगाचं, समोर इंजिन, मध्ये पोटाखाली पाती, मागे काळी खुर्ची, आणि स्टिअरिंगसुद्धा. टेम्पोतून ते आमच्या अंगणात उतरलं तेव्हा कोंबड्या जांभळीवर चढल्या. आत्याने जाहीर केलं, ‘आता विळे ठेवा गुंडाळून. टोळीची कंबर मोडायची नाही यापुढे.’ आणि लगेच, सगळ्या पाड्यासमोर, भंगारवाल्याच्या ड्रायव्हरला त्यावर बसवून उभ्या गवतात घातलं.

आता हिरवळ कापायचं यंत्र गवत कापतं ते काय हिशेबाने? बोटभर वाढलेलं गवत भुरभुरून टाकायचं, बस्स. पुरुषभर उंचीचं गवत त्यात शिरलं आणि पलीकडून भुसा बाहेर पडला. कशाची पेंढी बांधणार आणि कशाचा भारा! लाखाचं गवत कुस्करून त्याची खिचडी. म्हातारे विडी विझवून बघत राहिले, टोळीतल्या बायकांनी तोंडात पदर कोंबला. पेंढी बांधता येणार नाही हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगू शकलं असतं, आणि जन्मभर पेंढ्या बांधलेल्या बाईला ते कळू नये? ‘जेठी, म्हशीला आता चमचा पण घेऊन दे,’ असं कोणीतरी म्हणालं, आणि ते पुढे वर्षभर तिला बाजारातसुद्धा ऐकून घ्यावं लागलं. आत्याने नाकाला पदर लावला, म्हणाली, ‘भुसा उडतो लई,’ आणि घरात निघून गेली.

खरं काय ते आईने मला त्या संध्याकाळी चुलीपाशी सांगितलं. ती आत्याबरोबर भंगारात गेली होती. आत्याने पात्यांकडे ढुंकून पाहिलं नाही की इंजिनाचा आवाज ऐकला नाही. ती लुगडं सावरून त्या खुर्चीवर चढली, डावा पाय काठीसारखा ताठ पुढे सोडला आणि तो जराही न हलवता नुसत्या उजव्या पायाने यंत्र पुढे नेऊन पाहिलं, मागे आणून पाहिलं. मग भंगारवाल्याला एकच प्रश्न विचारला, ‘याला क्लच नाही, हे पक्कं ना?’ तो म्हणाला, पक्कं. सौदा झाला. ‘हे तिला विचारू नकोस,’ आई भाकरी थापता थापता म्हणाली, ‘आणि बाबांना तर मुळीच सांगू नकोस. गवताचंच कारण राहू दे.’ मी हो म्हटलं. पण त्या दिवसापासून आत्याला कोणी हसलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि तिला मात्र काडीचा फरक पडायचा नाही.

यंत्र अंगणात उभं राहिलं, बाबा खाटेवरून ते बघत राहिले. आत्या रोज खाटेजवळून जाताना मोठ्याने म्हणायची, ‘फुकट गेलं. कोण चालवणार? विकून टाकते.’ विकत कोणीच घेणार नव्हतं, पण बोलायला काय जातं? मग एका सकाळी मी चूल पेटवत होते, तर बाहेर इंजिन सुरू झालं. त्या यंत्रात डावीकडे ब्रेकचा एक पेडल होता, तो चालू करतानाच तेवढा दाबावा लागे. बाबांनी त्यासाठी उजवा पाय आडवा टाकला असणार, कारण आम्ही बाहेर आलो तोवर ते पाड्याच्या खालच्या मैदानाकडे निघाले होते. आई दारातच रडायला लागली. आत्या तिच्यावर खेकसली, ‘रडतेस काय? डाळ करपेल.’ डाळ अजून चुलीवर चढलीसुद्धा नव्हती.

खालचं मैदान म्हणजे पोरांचं क्रिकेटचं. दिवाळीनंतर तिथे टेनिस बॉलच्या स्पर्धा होत, आजूबाजूच्या पाड्यांचे संघ येत, कर्ण्यावरून कॉमेंट्री चाले. पण गवत असं की चेंडू गेला की निम्मा संघ तो शोधायला. बाबांनी ते मैदान कापून गालिचा केलं. मग शेजारच्या गावांनी बोलावलं, हायवेवरच्या एका हॉटेलाने पुढच्या हिरवळीसाठी बोलावलं. जो माणूस अंगण ओलांडत नव्हता तो टेम्पोत यंत्र चढवून तलासरीपर्यंत जाऊ लागला. मात्र खुर्चीवरून उतरायचा नाही. पाणी वर, विडी वर, गप्पा वर. बसलेल्या माणसाचा पाय कोणाला दिसत नाही. अध्येमध्ये उतरायची वेळ आलीच तर बाबा यंत्र बांधाच्या आड नेऊन मग उतरत.

हे सगळं चाललं होतं ते खुर्चीखालच्या एका डब्यावर. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन हे त्याचं भारदस्त नाव मी नंतर शिकले. आमच्या पाड्यात तो डबाच. इतर गाड्यांत गिअर असतात, ते बदलायला क्लच दाबावा लागतो. या डब्यात नुसतं तेल. उजव्या पायाने पुढचा पेडल दाबला की आतला पंप तेल एका बाजूने ढकलतो, चाकं पुढे जातात. मागचा पेडल दाबला की तेल उलटं, चाकं मागे. जितकं दाबाल तितका वेग, सोडलं की उभी. डाव्या पायाने घोरत पडावं. मी तेव्हा कोसबाडला राहून शेतीचं शिकत होते, शनिवारी घरी यायचे. ट्रॅक्टरच्या तासाला आम्हाला शिकवलं होतं की तेलावर चालणाऱ्या यंत्राचे शत्रू तीन: उष्णता, पाणी आणि हवा. मी ते घरी येऊन पोपटासारखं म्हणून दाखवलं आणि डब्याची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. डब्यावर एक प्लॅस्टिकचा छोटा पंखा फिरायचा, तो डबा गार ठेवायचा. पंख्याखालच्या फटींत गवताचा भुसा बसला की डबा तापायचा, आणि तापला की तेल पातळ होऊन यंत्र चढावर दम टाकायचं. म्हणून दर शनिवारी मी भांडी घासायच्या जुन्या ब्रशाने त्या फटी झाडायचे, पट्टा सैल झाला का बघायचे, वरच्या छोट्या टाकीत तेल किती आहे ते बघायचे. बाबा शेजारी बसून सूचना द्यायचे. कारखान्याचं बोलणं त्यांनी कधी काढलं नाही, पण हातात पाना आला की त्यांची बोटं घाई करायची नाहीत, हे मी त्या शनिवारांत पाहिलं. दोघं तेलकट हातांनी चहा प्यायचो. त्या चहाला डिझेलचा नाही तर पेट्रोलचा वास असायचाच, आणि अजूनही पेट्रोल पंपावर गेले की मला चहाची तल्लफ येते.

मग आला पुढचा दसरा. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा. विळे, कोयते, नांगर, वखारीतला प्रेस, सगळं धुऊन पुसून झेंडूची फुलं. आत्या म्हणाली, सगळ्यांत मोठं हत्यार लाल गाडी, तिची आंघोळ तिच्या मानाने झाली पाहिजे. तिने विहिरीवरचा पंप लावला आणि जाड पाइपाने यंत्राला असं काही न्हाऊ घातलं की तसं माझं बारसंसुद्धा झालं नसेल. पुढून, मागून, खालून, आणि जिथे जिथे झाकण दिसलं ते उघडून आतून. ‘मळ आतच असतो,’ म्हणाली. मी त्या शनिवारी कोसबाडलाच होते. मग हळदकुंकू, नारळ, आणि मनगटाएवढी जाड झेंडूची माळ, खुर्चीच्या पाठीमागून डब्यापर्यंत सोडलेली. आणि पूजेची माळ आपण होऊन काढायची नाही हा आत्याचा कायदा. सुकून गळेल तेव्हा गळेल. बाबा बहिणीच्या शब्दाबाहेर कुठले! ते माळेसकट मैदानात उतरले. लोक रस्त्यातच नमस्कार करत होते म्हणे.

माळेची फुलं गळाली, पण सुतळी गळाली नाही. ती पंख्यात गेली. पंख्याची पाती एकेक करून तुटली, डबा तापला, आणि झाकणातून गेलेलं पाणी तोवर तेलात मिसळून बसलंच होतं. म्हणजे तीनपैकी दोन शत्रू आत्याने पूजा करून घरात घेतले होते. एका दुपारी, मैदान अर्धं कापून झालेलं असताना, यंत्र कुईं कुईं करत मंद झालं आणि उभं राहिलं. इंजिन चालू, चाकं ढिम्म. स्पर्धा तोंडावर आलेली. पोरांनी ढकलत घरी आणलं. मागे एक दांडा असतो, तो ओढला की चाकं मोकळी होतात आणि मग ढकलता येतं, हे बाबा खुर्चीवरून सांगत होते. पण पोरं एवढी उत्साही की दांडा ओढायच्या आधीच त्यांनी बराच वेळ चाकं फरफटवली. बाबा खुर्चीवरच बसून आले. अंगणात आल्यावर सगळे गेले की नाही ते पाहिलं, मग उतरले, आणि सरळ खाटेवर.

स्पर्धेच्या कमिटीचा म्होरक्या मंगेश, सरपंचाचा पुतण्या, लगोलग तलासरी नाक्यावरच्या हसमुखभाईंना घेऊन आला. हसमुखभाई रिक्षांचे आणि डिझेल इंजिनांचे मेकॅनिक. अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलणारे, आणि पूर्ण भला माणूस. त्यांनी डबा ठोकून पाहिला. ‘आ तो बंद डब्बा छे. कंपनीने खोलायला दिलाच नाही. हा काढून टाकू, रिक्षाचा गिअरबॉक्स बसवू. चार गिअर, मस्त क्लच, डुंगर पण चढेल!’ मंगेश खूश. पाड्यातले सगळे खूश. भंगारातून आलेल्या यंत्राला रिक्षाचा गिअरबॉक्स, म्हणजे आणखी काय पाहिजे? आतून खाट करकरली तेवढी.

आत्या म्हणाली, ‘नको.’ का नको? तर म्हणाली, रिक्षाचा आवाज गाईंना सोसत नाही. हसमुखभाई म्हणाले, सायलेन्सर लावू. तर म्हणाली, चार गिअर म्हणजे खर्च चार पट. ते म्हणाले, बेन, तसं नसतं. तर म्हणाली, लाल रंगाला तो शोभणार नाही. मंगेशने कपाळाला हात लावला. ‘आत्या, गवताच्या वेळी पण तुझंच खरं केलंस, आणि काय झालं?’ एवढं ऐकूनही ती खरं बोलली नाही. तिथे अंगणात सगळा पाडा उभा होता आणि आत खाटेवर भाऊ ऐकत होता. त्याला क्लच दाबता येणार नाही म्हणून नको, हे एक वाक्य. ते सोडून तिने जगातली सगळी कारणं सांगितली. शेवटी ठरलं, की पोरीला, म्हणजे मला, काय करायचं ते करून बघू दे. नाहीतर पुढच्या रविवारी गिअरबॉक्स. बाबा त्या रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी मागच्या दारीही गेले नाहीत. यंत्र गेलं तर हा माणूस परत उठायचा नाही, हे आईच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

डबा खरंच उघडायला दिलेला नव्हता. खाली तेल सोडायचं बूचच नाही! चाकं काढा, पट्टा काढा, अख्खा डबा खाली उतरवा आणि मटक्यासारखा उपडा करा, तेव्हा तेल बाहेर. मी रजा काढून घरी राहिले. बाबांना खाटेवरून उठवायला मी मुद्दाम पाना उलटा फिरवायचे. दुसऱ्या बोल्टाला त्यांना राहवेना. ‘अगं डावीकडे, डावीकडे!’ करत भिंत धरून आले आणि जमिनीवर पाय पसरून बसले. डबा उपडा केला तर आईच्या परातीत जे पडलं ते तेल कसलं, आंबील! पांढरट, फेसाळ. आत्या वाकून बघत होती. तिला काय कळायचं ते कळलं. त्या दिवशी तिने घरातल्या सगळ्यांच्या भाकऱ्या एकटीने केल्या आणि कोणावर ओरडली नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते ओळखा.

पुढचं ज्ञान मोबाइलवर मिळणार होतं. तेव्हा नुकताच नेटचा सुकाळ झाला होता, पण आमच्या पाड्यात रेंज गुजरातची. चिंचेखाली उभं राहिलं की फोन आधी ‘गुजरातमध्ये आपलं स्वागत’ करायचा आणि मग मनात आलं तर व्हिडिओ दाखवायचा. त्यात एक दाढीवाला गोरा गृहस्थ स्वच्छ गॅरेजात, स्वच्छ हातांनी, आमच्यासारखाच डबा उलटा करत होता. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळे. त्याने नवं तेल कोणतं ते दाखवलं, ते हायवेच्या पंपावर मिळालं. त्याने तुटक्या पंख्याऐवजी दुसरा पंखा बसवला, तसा आम्ही हसमुखभाईंच्या भंगारातून घेतला. मग तो म्हणाला, ‘आता सगळ्यात महत्त्वाचं,’ आणि फोनच्या पडद्यावर चकती गोल गोल फिरत राहिली. गुजरातच्या टॉवरने त्यापुढचं काही मला दाखवलं नाही. मी म्हटलं, तेल भरलं, पंखा लावला, अजून महत्त्वाचं काय राहणार? डबा जोडला, पट्टा चढवला.

रविवारी सकाळी यंत्र चालू केलं. बाबा खुर्चीवर. पेडल दाबला. इंजिन जोरात, चाकं जागच्या जागी. परत दाबला. काही नाही. तेवढ्यात मंगेश, कमिटीची पोरं आणि टेम्पोत रिक्षाचा गिअरबॉक्स घेऊन हसमुखभाई हजर. गिअरबॉक्सला त्यांनी बिचाऱ्यांनी घासूनपुसून रंगसुद्धा दिला होता, लाल, आत्याच्या मनाजोगा. आत्या टेम्पोसमोर आडवी उभी राहिली. ‘हा दिवस चांगला नाही,’ म्हणाली. मंगेश म्हणाला, ‘आत्या, परवा सामने आहेत!’ ती म्हणाली, ‘घरात सुतक आहे.’ ‘कोण गेलं?’ एवढी बोलकी आत्या, पण तिला मारायला एक माणूस आठवेना. पोरं हसली.

‘माझा डावा पाय चालत नाही.’

बाबा म्हणाले. खुर्चीवरून, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि परत म्हणाले, कारण पहिल्या वेळी कोणाला पुरतं ऐकू आलं नव्हतं. ‘गुडघा वाकत नाही माझा. खालचं पाऊल दबत नाही. क्लच मला दाबता यायचा नाही, म्हणून ताई नको म्हणतेय. बाकी गाई-बिईंचं काही नाही.’ कोणी बाबांकडे बघेना, सगळे त्या रंगवलेल्या गिअरबॉक्सकडे बघत राहिले. चार वर्षं होत आली असतील तो शब्द आमच्या अंगणात उच्चारला गेला नव्हता.

हसमुखभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. ‘अरे रमणभाई, तो पहेलां बोलायला पाहिजे ने! मला वाटलं तुम्हाला वेगवान गाडी पाहिजे. मी उगाच हा रंगवत बसलो.’ मग ते यंत्राभोवती एक फेरी मारून आले आणि माझ्याकडे वळले. ‘तेल नवं भरलं? मग हवा बाहेर काढली?’ कसली हवा, मी विचारलं. ‘डिझेल पंपात भरते तशी. रिकाम्या डब्यात तेल ओतलं, आत हवा बसली. पंप हवेला ढकलतोय, चाकाला काय मिळणार?’ तिसरा शत्रू! ट्रॅक्टरच्या तासाला घोकलेला, आणि मी त्यालाच विसरले होते. हसमुखभाईंनाही हा डबा नवीन होता, पण हवा त्यांच्या ओळखीची होती. मागची चाकं अधांतरी पाहिजेत, म्हणजे डब्यावर भार येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. बाबा उतरायला लागले. बांध नाही, आडोसा नाही, सगळ्यांसमोर उजवा पाय आधी, मग हाताने डावा उचलून. मंगेश पुढे झाला आणि त्याने बाबांना खांदा दिला. पोरांनी यंत्राचं मागचं अंग उचललं, खाली ओंडके सारले, आणि बाबांना परत वर बसवलं.

मग मागचा दांडा ओढून चाकं मोकळी केली, इंजिन हळू ठेवलं, आणि बाबा पेडल दाबत राहिले. पुढे, मागे, पुढे, मागे, सावकाश. वरच्या टाकीत बुडबुडे यायला लागले. भात शिजताना येतात तसे मोठे, मग बारीक. तेल खाली बसलं, मी परत भरलं. दांडा आत ढकलला, पुन्हा पुढे, मागे. डबा आधी कोल्ह्यासारखा रडला, मग गुरगुरला, आणि मग त्याचा तो ओळखीचा एकसुरी आवाज लागला. अधांतरी चाकं फिरली. बाबांनी पेडल सोडला, चाकं थांबली. हसमुखभाईंनी टाळी वाजवली आणि गिअरबॉक्स टेम्पोत परत चढवायला लावला. तो पुढे कोणाच्या रिक्षात लागला असेल तर तलासरीत कुठेतरी एक लाल गिअरबॉक्स फिरत असणार.

मैदान राहिलं होतं ते बाबांनी त्याच सकाळी कापलं. आत्या आणि मी कडेला उभ्या राहून बघत होतो, आई घरी हंडीत कंद आणि शेंगा उकडायला बसली होती. शेवटचा पट्टा झाला, त्यांनी पाती बंद केली. आता वळून वर येतील म्हणून मी पुढे झाले, तर यंत्र वळलंच नाही. सरळ मैदानाबाहेर, बांधाच्या तोंडातून कच्च्या रस्त्यावर, आणि तिथून डांबरीकडे. ‘अगं पेडल अडकला!’ आत्या ओरडली. मीच जोडलेला डबा! आम्ही दोघी धावत सुटलो. आत्याने लुगडं खोचलं, चपला हातात घेतल्या. यंत्राचा वेग तो काय, माणसाच्या चालीएवढा, पण बाबा खूप पुढे निघाले होते आणि मागे वळून बघत नव्हते. ‘रमण्या, सोड! पेडल सोड! विहिरीत जाशील!’ रस्त्यावर विहीर नव्हती, तरी आत्या फाट्यापर्यंत तेच ओरडत राहिली.

फाट्यावर चहाची टपरी आहे. कारखान्याची बस तिथे थांबते. पूर्वी बाबा तिथूनच कामावर जायचे आणि कामावरून आल्यावर तिथेच बसायचे. रविवार होता, टपरी माणसांनी भरलेली. लाल यंत्र तिच्यासमोर नीट, रस्ता सोडून उभं होतं आणि खुर्ची रिकामी. बाबा उतरून टपरीकडे चालत होते. एकटे, कशाचाही आधार न घेता, डावा पाय मातीतून ओढत. बाकड्यावरची माणसं बघत होती. आत्या धापा टाकत जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

‘मेल्या, जीव घेतलास आमचा! थांबवता येत नव्हतं?’

‘येत होतं की,’ बाबा म्हणाले. ‘मला चहा प्यायचा होता.’

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाकड्यावर दाटीवाटीने बसलेल्या, चहा हातात धरून गोठलेल्या त्या सगळ्या माणसांकडे पाहिलं. तिने चपला खाली टाकल्या, त्या पायात घातल्या, आणि वेवजीच्या माळावर टोळीला हाक मारायची त्या आवाजात म्हणाली, ‘बघताय काय? माझ्या भावाचा पाय अधू आहे. जागा द्या त्याला.’